बंडूभाऊचा कडू घास

बंडूभाऊ गेला.

आमच्या राजापेठेतला कुणी नाही. उरुग्वेचा फुटबॉलवाला. नऊ नंबरची जर्सी घालून खेळायचा.

टीव्हीवरचं त्याचं खरं नाव जिभेवर बसेना, म्हणून माझ्या मित्रानं, दिलीपनं, त्याला बंडूभाऊ करून टाकलं.

गोल पुष्कळ केले त्यानं. लोकांनी लक्षात ठेवली ती फायनलमध्ये हुकलेली पेनल्टी. त्याच्याच देशात त्याचे फोटो जाळले.

पुढच्या मॅचला पुन्हा पेनल्टी. बाकीचे खाली बघत उभे. हा बॉल काखेत मारून स्वतः गेला.

परत हुकली!

तिसऱ्या वेळीही हाच गेला.

गोल.

त्याच वर्षी अकोल्याच्या स्पर्धेत दिलीपची पेनल्टी हुकली होती. आमची टीम हरली. आपल्याच पोरांनी त्याला नको ते ऐकवलं. त्यानं बूट माळ्यावर फेकले, ग्राउंडचं नाव घेईना.

बंडूभाऊचा तो गोल टीव्हीवर बघितला आणि दिलीप उठला.

"चाल बे. ह्या बंडूले लाज वाटून नाही राह्यली, मंग मले काहून वाटावी?"

आज दिलीप पोरापोरींना फुटबॉल शिकवतो. पेनल्टी हुकली तर कुणावर ओरडत नाही.

गुडघा गेला तेव्हा बंडूभाऊ रिटायर झाला. आज सकाळी तो गेल्याची बातमी आली. दिलीप दारात बसून हमसून रडला.

शेजारच्या लताकाकूंनी एवढंच ऐकलं, बंडूभाऊ गेला. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी कडू घास नेतात. तशा त्या दुपारी पिठलं-भाकर घेऊन आल्या.

"खाय बाप्पा. लेकरं हायेत काय त्याले?"

"दोन पोरी हायेत, काकू."

"अरे देवा! मंग तू मातीले जाऊन नाही राह्यला?"

"लय दूर हाय."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. दिलीपनं माझा हात दाबला.

"दूर असला तं का झालं? माणूस तं आपलाच होता नं," म्हणत काकूंनी ताट पुढं सरकवलं.

दिलीपनं सगळं खाल्लं.

आता परदेशी खेळाडूसाठी एवढं कशाला, असं मला कुणी विचारू नका. पासपोर्ट बघून रडणाऱ्यांनी खुशाल कोरड्या डोळ्यांनी बसावं. अख्ख्या देशाच्या शिव्या खाल्लेल्या त्या माणसानं माझा मित्र मला परत दिला, आणि त्याला ते कधी कळलंही नाही.

बंडूभाऊ, तुझ्या मातीला येता आलं नाही.

राजापेठेत तुझा कडू घास खाल्ला.

नीज आता.