अर्धी कादंबरी, पूर्ण बी.ए.

अकोल्याच्या एका कॉलेजातली पोरं दिवाळीच्या सुट्टीत गावी जात आणि कापूस वेचता वेचता तिकडचीच होऊन जात. मग प्राध्यापक रिकाम्या बाकांना शिकवीत. बाकांची तक्रार नसे.

ग्रंथपाल भगवंतरावांनी सत्तावन्न साली यावर उपाय काढला. रहस्यकथांची जाड पुस्तकं त्यांनी बाइंडरकडून मधोमध कापून घेतली. खून सुट्टीआधी, खुनी सुट्टीनंतर. पोरं परतू लागली. प्राचार्यांनी त्याचं श्रेय आपल्या व्याख्यानांना दिलं. भगवंतरावांनी ते तिथंच राहू दिलं.

पण पातूरचा देवमन काही आला नाही. वर्गात पहिला, आणि ग्रंथालयाच्या टेबलावर डोकं ठेवून न झोपणारा कॉलेजातला एकमेव प्राणी. हा पोरगा शेतात अडकला तर आपण पुस्तकं नेमकी कोणासाठी झटकतो, या विचारानं भगवंतराव दाराकडे बघत बसत. एका दुपारी दारात उभे राहिले ते त्याचे वडील किसनराव. धोतराला कापूस चिकटलेला, काखेत पहिला भाग.

"मास्तर, पोट्ट्याचं नाव कॉलेजातून काढाले आलो. अन् दुसरा भाग द्या."

"कोनाले?"

"मले! पोट्टं कापूस वेचून रायलं, पुस्तक म्या वाचलं. त्या जहागीरदाराले विहिरीत कोनं ढकललं? जेवन गोड लागत नाही, राजेहो."

गळाला पोरगा लागायचा, तो बाप लागला होता.

"पुस्तक विद्यार्थ्यालेच भेटते, किसनराव."

"मंग माह्यं नाव घाला कॉलेजात. चवथी पास हावो."

"मॅट्रिक लागते."

किसनरावांनी फार वेळ विचार केला. एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला जहागीरदार. दोन दिवसांनी देवमन वळकटी घेऊन हजर झाला.

आता भगवंतरावांना खरा घाम फुटला. खुनी सापडला की बाप पोराला घेऊन जाणार! ते तसेच दुसरा भाग घेऊन बाइंडरकडे धावले.

"याचे आणखी तुकडे कर."

"मास्तर, पुस्तक हाय का टरबूज?" बाइंडर म्हणाला, आणि कापायला बसला.

तेव्हापासून किसनरावांना एक तुकडा इंटरच्या परीक्षेनंतर मिळाला, एक बी.ए.त नाव घातल्यावर. ते शिव्या देत आणि तुकडा नेत.

देवमन बी.ए. झाला, तेव्हा भगवंतरावांनी शेवटची आठ पानं दोन्ही हातांनी पुढे केली. किसनरावांनी ती उभ्याउभ्याच, ओठ हलवत वाचली.

"त्याच्या दिवाणानंच ढकललं! मले पैल्याच भागात कयलं होतं."

भगवंतराव चाट पडले. "मंग चार वर्षं पोराले इथं कावून ठेवलं, बाप्पा?"

"खात्री नको कराले?"

मग किसनरावांनी मागं उभ्या असलेल्या मुलीला पुढं केलं. "हे आपली मनकर्णा. अवंदा मॅट्रिक झाली." त्यांनी कपाटांवरून नजर फिरवली.

"दुसरं कोनतं हाय? जरा जाडं पाहा."