एका गादीचे दोन तुकडे

कोल्हापूरला कुस्तीच्या तालमी बघायला जाणार असाल तर खुशाल जावा. आता माझी नातवंडं मुरगूडहून तासाभरात पोचतात. मी गेले तेव्हा पन्नास साल उलटलं होतं आणि माझं नवीन लग्न झालं होतं. जायचं कारण माझा धाकटा भाऊ दत्तू, तिथल्या तालमीत राहायचा. ऑलिंपिकला मल्ल पाठवायचं ठरलं होतं, आणि निवडीची कुस्ती जिंकली की दत्तू विलायतेला जाणार होता. तिकडं मातीत नाही, गादीवर लढतात. म्हणून सरावाची सोय करायला कोल्हापुरात एक समिती बसली होती. बसलीच होती म्हणा.

वडलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांच्यासंगं सकाळी मोटारीत बसले. मोटार भरल्याशिवाय हलायची नाही, आणि भरली तरी आणखी चार माणसं कोंबायची. मांडीवर दत्तूसाठी तुपाचा डबा. कागलच्या पुढं असा धुरळा की दात करकर वाजायला लागले.

शेजारचा म्हातारा आबांना म्हणाला, "पावणं, पोरगी नांदाय निघाली व्हय?"

"न्हाई ओ. भाऊ विलायतेला चाललाय तिचा."

"विलायतेला? मग ह्यो डबा बोटीवर चढवणार काय?"

सगळी मोटार हसली. आबा सगळ्यात जास्त.

कोल्हापुरात गंगावेशीत म्हशी दारात उभ्या असतात. पुढ्यात पिळून देतात ते दूध फेसासकट प्या, बाकीचं खाणं मागनं. आम्ही प्यालो आणि तालमीत गेलो. म्हणजे आबा गेले. बाईनं तालमीचा उंबरा ओलांडायचा नसतो. मी खिडकीचे गज धरून उभी राहिले.

आत फरशीवर गादी होती, पण आखूड. एका अंगाला दाभणानं सुतळी ओढून शिवलेली. खिडकीशी वस्ताद आले, त्यांना विचारलं, "वस्ताद, उरलेली गादी कुठं हाय?"

"पल्याडच्या पेठंत. त्यांच्या तालमीत."

"म्हंजे?"

"गादी आली एकच. दोन्ही पेठा अडून बसल्या, आमच्यातच पायजे. काठ्या निघाल्या. मग समितीनं मधोमध कापली."

"कापली?"

"दोघांचा मान ऱ्हायला की, बाई."

समितीचे एक कोटवाले साहेब तिथंच होते. म्हणाले, "सराव सुरू झाला हे महत्त्वाचं."

मी म्हणाले, "सायेब, दोघी जावांनी एक लुगडं मागितलं तर बी असंच फाडून देशीला काय?"

साहेबांनी आबांना चहा मागवला. मला नाही.

दुपारी दत्तूची जोड लागली. बाजेवर दोन बैल चढवावेत तसे दोघं त्या तुकड्यावर. समोरच्यानं ढाकेचा डाव टाकून दत्तूला उचलून आपटलं. ढाकेवर दत्तू शंभरदा पडला असेल, पडून उठला असेल. गादी पुरती असती तर गादीवरच पडला असता. इथं उजवा खांदा फरशीवर आला. वाळकं लाकूड मोडल्यागत आवाज झाला.

मी उंबरा ओलांडला. तेव्हा कुणी अडवलं नाही. साहेब कधी निघून गेले तेही कुणाला कळलं नाही.

हाड बसवणाऱ्यानं फळ्या बांधल्या, आणि रात्र ओळखीच्यांच्या ओसरीवर काढली. सकाळी दत्तूची वळकटी आणायला आबा तालमीत गेले, तर आत गोमूत्र शिंपडणं चाललेलं. बाई आत आली होती ना. गादी मात्र कुणी हलवली नव्हती.

परतीच्या मोटारीत दत्तू आमच्या दोघांच्या मधे बसला. तुपाचा डबा तसाच माझ्या मांडीवर. कुणी चेष्टा केली नाही. निवडीच्या कुस्तीला दत्तूच्या जागी दुसरंच कोण उभं राहिलं. समितीनं विचारपूस करायला माणूस पाठवला नाही.

दत्तूनं पुढं मळा केला, संसार केला. पण उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही. पटका बांधायला दोन्ही हात डोक्यावर न्यावे लागतात, म्हणून तो कायम टोपी घालायचा. लग्नात पटका मी बांधला. मान खाली घालून लहान पोरासारखा बसला होता पाटावर.

त्या पेठांतली जुनी माणसं अजून वाद घालतात म्हणे, कुणाचा तुकडा मोठा होता. घाला म्हणावं. तुम्ही गेलात तर दूध तेवढं प्या.