खालच्या कप्प्यातला माल

आईचे पाय बघितले की ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या शिरांचं जाळं, घोटे सुजून गोल झालेले, आणि चपलेचा पट्टा रुतायचा तिथे खोल वळ. कामावरून आली की आई दारातच भिंतीला पाठ लावून खाली घसरायची, फरशीवर पाय पसरायची आणि म्हणायची, "थोडा वेळ बोलू नका माझ्याशी कोणी. पाय घरी आलेत, मी अजून यायचेय."

आई कापडाच्या दुकानात होती. तीन मजली, काचेचं, झगमगीत दुकान. ती ताग्यांच्या काउंटरला. गिऱ्हाईक आलं की फळीवरचा तागा खांद्यावर घ्यायचा, काउंटरवर धप्पकन आपटून उलगडायचा, मीटरपट्टी लावायची, कात्रीने टक् करून कापड फाडायचं. सगळं उभ्याने. गिऱ्हाईक नसलं तरी उभ्याने. गिऱ्हाइकांसाठी मऊ गाद्यांच्या खुर्च्या होत्या. काउंटरच्या आतल्या बाजूला मात्र टेकायला एक वीटसुद्धा नव्हती. मालकांचं म्हणणं असं की बाई बसलेली दिसली की दुकानाची शोभा जाते.

आणि या मालकांची गावभर ख्याती कशाबद्दल? तर बाकांबद्दल! बागेत त्यांचे बाक, बसथांब्यावर त्यांचे बाक, दवाखान्याच्या ओसरीत त्यांचे बाक. प्रत्येकाच्या पाठीवर मालकांचं नाव, वडिलांच्या नावासकट, लांबून वाचता येईल अशा अक्षरात. पडद्यांच्या काउंटरवर एक बाई होती, जिभेला हाड नसलेली. तिला सगळ्या तोफ म्हणायच्या. ती म्हणायची, "स्मशानाच्या दारातसुद्धा बाक दिलाय ह्याने. मढं घेऊन आलेल्यांची सोय झाली, जिवंत बायका राहिल्या तशाच."

मजल्यावर देखरेखीला एक साहेब होता. कोणी काउंटरला नुसतं कोपर टेकलं तरी तो लांबून बारीक शीळ घालायचा. तोंडाने बोलून स्वतःला कशाला शिणवायचं? त्याचं नाव शिट्टी.

पण बायकाही काही कमी नव्हत्या. प्रत्येक काउंटरखाली एक कप्पा होता, जमिनीलगत. त्यात अस्तराचं कापड ठेवलेलं. ते काढायचं तर खाली बसावंच लागणार. मग पाय भरून आले की एकजण म्हणायची, "खालच्या कप्प्यातला माल बघते गं," आणि बसकण मारायची. शेजारची पुढे सरकून तिला झाकायची. थोड्या वेळाने पहिली उठली की दुसरीला अस्तराची आठवण व्हायची. त्या दुकानात अस्तर जेवढं मन लावून शोधलं जायचं, तेवढं कोणी हरवलेलं सोनंही शोधलं नसेल.

ठिणगी हे ऐकतच मोठी झाली होती. ठिणगी हे नाव कॉलेजातल्या मित्रांनी ठेवलेलं, कारण कुठेही अन्याय दिसला की ही पेटलीच. मुलींच्या वसतिगृहात पाणी येईना तेव्हा प्राचार्यांच्या दारात रिकाम्या बादल्या मांडून बसली होती. बसच्या पासावरून तर तिने खिडकीतल्या कारकुनाला घाम फोडला होता. आई म्हणायची, "हिच्या तोंडापुढे टिकेल असा नवरा मिळायचा नाही." तर ही म्हणायची, "नको मिळू दे. त्याच्यासाठी कोण रांगेत उभं राहणार?"

कॉलेजच्या भित्तिपत्रकाचा विशेष अंक निघाला. विषय होता 'माझ्या मनातला उद्या'. कोणी चंद्रावरच्या वसाहतीबद्दल लिहिलं, कोणी आपोआप चालणाऱ्या गाड्यांबद्दल. ठिणगीने लिहिलं की तिच्या उद्यात तिची आई बसून कापड कापते. बस, एवढंच. मग तो उद्या यायच्या आधी आजच्या बायका काय करतात, हे सांगताना तिची लेखणी अशी धावली की खालचा कप्पा, अस्तर, झाकायला पुढे होणारी शेजारीण, लांबून येणारी शीळ, सगळं उतरलं. दुकानाचं नाव घातलं नव्हतं, म्हणून तिला वाटलं झालं.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या वाचनालयाला मालकांनी खुर्च्या दिल्या. हारतुरे झाले. मग प्राचार्य मालकांना मोठ्या कौतुकाने भित्तिपत्रक दाखवायला घेऊन आले. मालक चष्मा लावून ठिणगीच्या लेखासमोर थांबले. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "वा! कोणी लिहिलंय हे?" मुलांनी तिला पुढे ढकललं. मालकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुमच्यासारखी मुलं बघितली की उद्याची काळजी वाटत नाही."

ठिणगीला वाटलं, वाचलं की! त्यांच्या काळजात कुठेतरी गेलं असणार. आता स्टुलं येतील. ती हवेत तरंगतच घरी गेली.

दुकानात स्टुलं आली नाहीत, सुतार आला. त्याने एकेका काउंटरचा खालचा कप्पा फळी ठोकून बंद केला. अस्तर वरच्या फळीवर गेलं.

त्या संध्याकाळी आईबरोबर तोफही घरी आली. आई भिंतीला टेकून घसरली नाही. उभीच राहिली.

"अस्तराचं तू लिहिलंस?" तिने विचारलं.

ठिणगीचा चेहरा उतरला. "आई, मी नाव नव्हतं घातलं."

"नाव कशाला लागतंय?" तोफ म्हणाली. "गावात तीन मजली दुकानं किती, आणि शीळ घालणारे बोके किती? शिट्टीने मालकांच्या मोबाइलवरून तुझा लेख वाचून दाखवला आम्हाला, चालीवर. म्हणाला, कुणाच्या तरी लेकीने फार सुंदर लिहिलंय."

"मला वाटलं, त्यांना कळलं तर…"

"कळलं ना," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. "आमच्याजवळ होतं काय गं? तेवढा एक कप्पा. तोसुद्धा तू वाटून टाकलास. एवढं उदार व्हायचं होतं, तर स्वतःचं काहीतरी द्यायचंस."

ठिणगी रात्रभर तळमळली. लाज होतीच, पण लाजेच्या खाली संताप उकळत होता. डोक्यावर हात ठेवला होता त्या माणसाने! त्याच हाताने सुताराला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी मित्रमंडळात तिने सगळं सांगितलं. गटातला दाढी, म्हणजे ज्याला दाढी सोडून सगळं लवकर येतं तो, टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "मोर्चा! पेपरवाले बोलवू. घोषणा मी लिहितो."

"आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आईला कामावरून काढलं तर?"

"तर त्याच्याविरुद्ध दुसरा मोर्चा काढू."

"तू काढशील रे. तुला काय, घोषणा सुचतात. नोकरी तिची जाईल."

असं आपण बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं. आठवड्यापूर्वी ती घोषणा देत सगळ्यांच्या पुढे चालली असती.

वाचनालयात ती नव्या खुर्चीवर बसली तर पाठीला काहीतरी टोचलं. पितळी पट्टी, मालकांच्या नावाची. ती टोचू देत ती विचार करत राहिली. ज्याचं जे आहे ते त्याला द्यायचं नाही, आणि कोणी न मागितलेलं वाजतगाजत वाटायचं, याला दान म्हणायचं? घरच्यांच्या तोंडातला घास काढून चौकात जेवणावळी घालण्यातलाच प्रकार. बरं, गावही असं की बाकावर बसून शेंगा खाईल, पाठीवरचं नाव वाचेल, म्हणेल माणूस मोठा आहे. त्याच्या दुकानात कोण उभं आहे, हे विचारायला कोणाची जीभ उचलणार नाही. आणि त्या गावात आपणही आलो. हाताखाली मान वाकवून उभे होतोच की!

दोन दिवसांनी आई चष्मा घरी विसरली, म्हणून ठिणगी दुकानात गेली. आईच्या काउंटरला एक ठसठशीत बाई पाय लांब करून खुर्चीत बसली होती. समोर ताग्यांचा ढीग. "हे अंगावर कसं पडेल? तुम्हीच गुंडाळून जरा चालून दाखवा बघू," बाई म्हणाली. आईने शिट्टीकडे बघितलं. शिट्टीने जिन्यावरच्या पाटीकडे बोट केलं. सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: 'गिऱ्हाईक सांगेल तसं.' मग आई ते चकाकतं कापड खांद्यावरून घेऊन, सुजलेल्या पायांनी काउंटरसमोर इकडून तिकडे चालली. पुन्हा चालली. बाई म्हणाली, "नको, रंग नाही आवडला."

ठिणगीच्या मुठी वळल्या. तिने चष्मा दिला. निघताना पुन्हा ती पाटी वाचली, आणि जिन्यातच थबकली.

या वेळी मात्र ती आधी भित्तिपत्रकाकडे गेली नाही, घरी गेली. सुट्टीच्या दिवशी बायका जमल्या तेव्हा तिने सांगितलं, "आम्ही कॉलेजातली मुलं गिऱ्हाईक म्हणून येतो. म्हणतो, बसून दाखवा, नाहीतर आम्ही बघतच नाही. तुम्ही काही मागायचं नाही. पाटीवरच लिहिलंय. पण तुम्ही हो म्हणालात तरच."

"मी तयार आहे," तोफ म्हणाली. "नवरा गेल्यापासून मला घाबरवायला कोणी उरलेलं नाही, म्हणून सवय मोडलीय." दोघी नाही म्हणाल्या. त्यांच्या काउंटरकडे कोणी फिरकायचं नाही, असं ठरलं. मग सगळ्यांनी आईकडे बघितलं.

"तुम्ही या," आई म्हणाली. "मी बसायचं की नाही ते मी तिथे ठरवीन. आत्ता माझ्याकडून वचन मागू नकोस."

ठरलेल्या दिवशी दुकान गिऱ्हाइकांनी फुललं होतं. दाढी पडद्यांच्या काउंटरला गेला, गिऱ्हाइकाची खुर्ची उचलून आत ठेवली आणि मोठ्याने म्हणाला, "काकू, बसून दाखवा. उभ्या माणसाकडून मला खरेदी जमत नाही."

"अरे बाळा, गिऱ्हाईक सांगेल तसं!" म्हणत तोफ अशी ऐसपैस बसली की खुर्ची कुरकुरली.

शीळ आली. पुन्हा आली. तोफेने वर बघून विचारलं, "साहेब, गॅसवर काही ठेवलंय का?"

इकडे ठिणगी आईसमोर उभी होती. खुर्ची आत ठेवून झाली होती. "बाई, मला अस्तर दाखवा. बसून."

"अस्तर वर गेलंय ताई," आई म्हणाली. "तुमच्याच कृपेने."

तेवढ्यात शिट्टी धावत आला. "काय चाललंय? बसायचं नाही म्हणून माहीत आहे ना? उद्यापासून यायचंय की नाही?"

आई कात्री हातात धरून उभी. या नोकरीवर घराचं भाडं होतं, ठिणगीचं कॉलेज होतं. ठिणगीला वाटलं, हिने आता खुर्ची बाजूला सारली तर आपण गुमान निघून जायचं. वाईट वाटून घ्यायचं नाही.

पलीकडे उशांच्या खोळींसाठी कापड घ्यायला आलेल्या एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. त्यांना हा बेत-बित काही ठाऊक नव्हता. त्या शिट्टीला म्हणाल्या, "अहो, बसू द्या की त्यांना. मघापासून मलाच चोरट्यासारखं होतंय. मी रिकामटेकडी बसलेय, आणि काम करणारी उभी."

आईने आजींकडे बघितलं. मग शिट्टीकडे. "गिऱ्हाईक सांगतंय साहेब," ती म्हणाली आणि बसली. तागा पुढे ओढला, पट्टी लावली, कात्री चालवली. टक्.

गलका ऐकून मालक खाली आले. मुलांनी मोबाइल उंच धरले होते. मालकांची नजर त्या मोबाइलांवरून फिरली, आणि चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "बसा, बसा! अहो, मी कधी नाही म्हटलं?"

'कधी नाही म्हटलं!' ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला. फळ्या काय आपोआप ठोकल्या गेल्या होत्या?

पुढच्या आठवड्यात स्टुलं आली. दोन काउंटरांत एक, आळीपाळीने बसायला. पेपरात फोटो आला: दानशूर मालकांची कर्मचारी भगिनींना सप्रेम भेट. ठिणगीने तो पेपर टराटरा फाडून चिंध्या केल्या. "भेट? काम करवून घेतो, मग टेकायला जागा दिली ती भेट? आणि स्टुलावरही नाव घातलं असेल!"

"घातलंय ना," आई म्हणाली. ती फरशीवर पाय पसरून बसली होती. "बाकाला पाठ असते, पाठीवर घालतो. स्टुलाला पाठ कुठली? बसायच्या जागीच छापलंय. पाळी आली की त्याच्यावरच बसते मी."

तोफ हसता हसता लवंडली. ठिणगी हसली नाही.

"कप्पा उघडला?"

"नाही."

"मग झालं काय?" ती कागद घेऊन बसली. फळीबद्दल लिहिलं, सुताराबद्दल लिहिलं, 'भेट' या शब्दाबद्दल तर पोटभर लिहिलं. पण भिंतीवर लावायच्या आधी बायकांना बसवून वाचून दाखवलं. नाही म्हणालेल्या दोघींपैकी एक म्हणाली, माझ्या काउंटरचं काढ. तिने काढलं. तोफ म्हणाली, शिट्टीचं अजून वाढव. तिने वाढवलं.

"खाली नाव कोणाचं घालू?" शेवटी तिने विचारलं.

मग आई म्हणाली, "ज्यांची तयारी असेल त्यांची घाल. माझं पहिलं. आणि बाकावर त्याच्या नावाला तो जेवढी जागा घेतो ना, प्रत्येकीला तेवढीच घे."