टोकदार खिडक्यांचे आर्किटेक्ट

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले आर्किटेक्ट जन्माला यायला चांगली शंभर वर्षं चुकले, याबद्दल कुवेतच्या हवल्ली भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुमत नव्हतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ते मुंबईत असते, तर कोर्टकचेऱ्या आणि घड्याळाचे मनोरे काढता काढता त्यांना मान वर करायला फुरसत मिळाली नसती. पण ते निपजले साताऱ्यात, आणि तेही अशा काळात, की ज्याला त्याला सपाट गच्चीचा बंगला हवा. एका डॉक्टरांच्या दवाखान्याला यांनी उंच, टोकदार कमानींच्या खिडक्या काढून दिल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले की पेशंट चर्च समजून बाहेरूनच हात जोडून निघून जातील. अशी दहा-बारा वर्षं गेल्यावर, युद्ध संपलेल्या कुवेतमध्ये सगळं नव्याने बांधायचंय असं ऐकून ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इकडे आले. अख्खं शहर आपलीच वाट पाहत बसलंय, अशी त्यांची समजूत होती. शहराने त्यांना बाथरूम दिल्या. बाथरूम आणि गाड्यांच्या शेड, एवढ्यावरच त्यांच्या ऑफिसने त्यांची बोळवण केली.

मी जाब्रियाच्या एका इस्पितळात लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त तपासून चौकसपणा माझ्या अंगात मुरलेला, त्यामुळे या माणसाने मला पहिल्या दिवसापासून भंडावून सोडलं. खिशात कायम मोजायची टेप. पहिल्यांदा चहाला आले ते बसण्याआधी हॉलच्या चारी भिंती मोजून आले आणि म्हणाले, "ताई, तुमचा हा कोपरा काटकोनात नाही." तेव्हापासून मला माझा सोफा तिरका दिसतो तो आजतागायत. ऑफिसात सगळे कॉम्प्युटरवर नकाशे काढत असताना हे मात्र ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचे आणि चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायचे. वहिनी म्हणायच्या, यांची स्वतःची दाढी राहते, पण कागदाची रोज होते. मुंबईच्या जुन्या इमारतींवर दाराशेजारी आर्किटेक्टचं नाव दगडात कोरलेलं असतं, हे त्यांनी मला किमान पन्नासदा सांगितलं असेल. इथे नकाशा बलदियात, म्हणजे नगरपालिकेत जायचा तो लायसन्सवाल्या साहेबांच्या सहीने. "इतकी वर्षं रेघा ओढतोय," एकदा ते म्हणाले, "एक तरी भिंत माझ्या नावाने उभी राहू दे." त्या दिवशी ते अजिबात विनोदी वाटले नाहीत.

मग एका उन्हाळ्यात मोठे इंजिनीअर सुट्टीवर गेले आणि समुद्राकाठच्या फिंतासच्या एका म्हाताऱ्याचं काम यांच्या पदरात पडलं. म्हाताऱ्याला दिवानिया हवी होती, म्हणजे आठवड्यातून एका संध्याकाळी पुरुषमंडळी गप्पांना जमतात ती घरची बैठक. आर्किटेक्ट मोहरून गेले. दर शुक्रवारी फिंतासला फेरी. एकदा राहवेना म्हणून मीही वहिनींबरोबर गेले, तर साताऱ्यात कुणी न घेतलेल्या त्या खिडक्या समुद्राकडे तोंड करून ऐटीत उभ्या होत्या. पण बैठकीतून थेट स्वयंपाकघरात एक दारही निघालं होतं. कुवेती घरात बाहेरच्या पुरुषांची नजर आतल्या बायकांवर पडू नये म्हणून दिवानिया पार वेगळी ठेवतात. बाथरूम काढताना हा प्रश्न कधी आलाच नव्हता. म्हातारा तरुणपणी व्यापाराला मुंबईला जाऊन आलेला. दारासमोर काठी टेकून त्याने विचारलं, "बाबा, ये दरवाजा किसके लिए?"

"चाय के लिए," आर्किटेक्ट म्हणाले. "गरम आना चाहिए."

म्हातारा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आठवड्याभरात ते दार विटांनी बुजवलं गेलं, खिडक्या मात्र त्याने ठेवून घेतल्या. नावाचा दगड लावायलाही त्याची ना नव्हती, पण ऑफिस अडून बसलं. कागदावर ज्याचं नाव नाही, त्याचं भिंतीवर कसं येईल? त्यानंतर पंधरा दिवस आर्किटेक्टनी कशालाच टेप लावली नाही.

पुढे ऑफिसात शाईचं काम उरलं नाही आणि ते साताऱ्याला परतले. तिथे आता फ्लॅटच्या स्कीम निघत होत्या. एका बिल्डरकडे ते पाण्याच्या टाक्यांची मापं तपासू लागले. मला वाईट वाटायचं, पण सांगण्यासारखं काही नव्हतं.

तीनेक वर्षांनी लॅबमध्ये एक कुवेती गृहस्थ रक्त द्यायला आले. रिपोर्ट लवकर द्या, म्हणाले, संध्याकाळी फिंतासला दिवानियत अल-हिंदीत जायचंय. अल-हिंदी कोण, असं मी विचारलं, तर म्हणाले की मालक कुवेतीच आहे, पण उंच टोकदार खिडक्यांची ती जागा कुणा हिंदी, म्हणजे भारतीय माणसाने बांधली, म्हणून सगळे तसंच म्हणतात. त्या माणसाचं नाव मात्र त्यांना माहीत नव्हतं.

ड्यूटी संपल्याबरोबर मी साताऱ्याला फोन लावला. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी ते शब्द पुन्हा सांगायला लावले, अगदी सावकाश. मी सांगितले.

"नाव नाही आलं हो," ते म्हणाले.

"नाही आलं."

"पण तो हिंदी म्हणजे मीच ना?"

"तुम्हीच," मी म्हणाले.