आजारी चिलटांची हळद

चिलटांची इतकी इज्जत करणारं माणूस अख्ख्या तलवाड्यात दुसरं सापडायचं नाही. ते माणूस म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. पिकल्या केळ्यावर बसणारी बारकी चिलटं आपण हातानं वारतो, ही पुण्याच्या कॉलेजात त्यांचाच अभ्यास करते. आमच्याकडं जेवताना केळ्याची साल मुद्दाम उघडी ठेवते, चिलट बसलं की वाकून बघते आणि सांगते, "मादी हाय." एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईनं "काय शिकतीस गं?" एवढंच विचारलं, तर वाढपी तीनदा येऊन गेला तरी हिचं सांगणं संपेना. चिलटाच्या अंगात रोगजंतू शिरले की त्याचं अंग आतून लढतं. जंतू संपले की लढाई थांबावी लागते, नाही थांबली तर ती लढाईच चिलटाला खाते. "लढतं कुणीबी, काकू. थांबवतं कोण, ते मी बघते." त्या बाईची जिलेबी ताटात तशीच राहिली.

यंदा दिवाळीला आली ती बाटल्या घेऊनच. काही बाटल्यांत धडधाकट चिलटं, काहींत लढाई थांबवता न येणारी. मागं ठेवायला हिचा कुणावर भरवसा नाही. आणि दुसऱ्याच दिवशी तापानं आडवी झाली.

"मामी, नवं खाणं न्हाई मिळालं तर मरतील. तीन वर्षांचं काम जाईल. तुमीच करा."

मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. पण मक्याचं पीठ, गूळ आणि तिनंच आणलेलं यीस्ट शिजवलं, निवल्यावर चिलटं नव्या बाटल्यांत उलटली, कापसाचे बोळे लावले, चिठ्ठ्या लिहून डकवल्या. एकही उडू दिलं नाही.

ताप उतरल्यावर तिनं बाटली उजेडात धरली.

"मामी, ह्याच बाटल्यांत पिवळं कावून?"

"हळद हाय. ती आजारी न्हाईत का? धडधाकटांना न्हाई घातली."

ती कपाळाला हात लावून बसली. "अवो, खाणं सारखं पायजे! आता कुणाची तुलना कुणाशी करू?" मग बाटलीतली वळवळ बघून तीच हसली. "जाऊ द्या. जगलीत ना? ह्यांची पिल्लं बिनहळदीची वाढवीन."

परवा तिनं पुण्याहून फोटो पाठवला. इंग्रजी चिठ्ठ्यांच्या बाटल्यांची रांग, आणि मधल्या एकीवर माझं वाकडं अक्षर : 'पाडवा. खाणं दिलं.' ती चिलटं कधीच गेली, त्यांची नातवंडंही गेली असतील. पण दर वेळी जुन्या बाटलीवरची माझीच चिठ्ठी काढून ती नव्या बाटलीवर लावते म्हणे. मी गावाबाहेर फारशी गेले नाही. माझं अक्षर गेलं.