गोपाळचा बोर्ड, मनिषाची दोरी

आमच्या शेजारच्या गोपाळइतका हुशार माणूस सगळ्या गंगाखेडात नाही, असं गोपाळचंच मत आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान. बायको मनिषा जन्मापासून बहिरी. तिला मुलगी झाली तेव्हा यानं गल्लीभर सांगितलं, की लेकरू रडलं की थरथरणारा पट्टा तो मनिषाच्या मनगटासाठी करणार. मला खरंच बरं वाटलं होतं. पोरगी रडतेय आणि आई पाठमोरी भाकरी थापतेय, हे मी खिडकीतून रोज बघत होते.

त्या पट्ट्यात एक छोटा बोर्ड लागतो, पट्ट्याचा मेंदूच म्हणा. तो आणायचं सोडून गोपाळ तो निवडत बसला. एक कापडावर शिवता येतो, पण त्याला माईक वेगळा जोडावा लागतो. दुसऱ्यात माईक आहे, पण तो बॅटरी खातो. तिसरा बारीक आहे, पण याच्या मते जुना झाला. बारसं झालं, उष्टावण झालं, आणि चौथा बोर्ड निघाला.

"कोणताबी एक घे की रे," मी म्हणाले.

"तसं न्हाई जमत, काकू. लय अभ्यास करायलोय मी."

अभ्यास म्हणजे कानात इयरफोन घालून व्हिडिओ बघणं.

एका दुपारी त्यांची पोरगी, नंदू, रडून रडून काळीनिळी पडली. मनिषा मागच्या दारी धुणं धूत होती. मी धावत गेले, तर झोळीपासून हातभर अंतरावर खुर्चीत गोपाळ. मला असा संताप आला की त्याचे इयरफोन मीच ओढून काढले.

"थांबा काकू, बोर्ड फायनल व्हायलाय," गधडा म्हणाला.

त्याच दिवशी मनिषानं झोळीला एक लांब दोरी बांधली आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. आमच्याकडे बाया झोका द्यायला अशी दोरी पायाच्या अंगठ्याला बांधतात. हिनं ती उलटी वापरली. पोरगी हातपाय झाडायची, दोरी ओढली जायची, ही उठायची. गोपाळ हसला. म्हणे, यात टेक्नॉलॉजी काय हाय?

आता नंदू चालायला लागलीय. बोर्ड अजून ठरायचाय. परवा मी त्यांच्याकडे बसले होते तेव्हा ती उंबऱ्यावर पडली, गुडघा फुटला. पण रडली नाही. ऐकू येणाऱ्या बापाच्या खुर्चीला वळसा घालून ती चुलीपाशी गेली, आणि तिनं आईचं मनगट ओढलं.