पुढची दोन चाकं

आजी होती आणि आम्ही घरात चौघं होतो, तेव्हा बाबांनी दोन सीटांची गाडी घेतली. लाल, बुटकी, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. वाडीतला आमचा हिस्सा, म्हणजे अर्धी वाडी, बिल्डरला गेला, त्यातून आधी फ्लॅट आला आणि मागोमाग ही आली. बाबा गावातून ती इतक्या हळू चालवायचे की सायकलवाले पुढे निघून जायचे. बसायला दोघं आणि बघायला अख्खी आळी, असं लोक म्हणायचे, आणि आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे. मी शाळेत होतो. गाडीत बसलो की सीटवरून खाली घसरायचो, म्हणजे बाहेरून एकटे बाबाच दिसावेत.

काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, त्यांचा हिस्सा विकला नाही. केळी, पानवेल, अळू, सोनचाफा, जे निघेल ते आजही काढतात आणि बाजारात नेतात. आमच्या हिश्श्यावर आता बिल्डिंगी आहेत आणि दुपारनंतर त्यांची सावली काकांच्या पानवेलींवर पडते. त्यावर काका आजवर एक शब्द बोललेले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

आमच्या खानदानात त्या गाडीचं मनापासून कौतुक असलेलं एकच माणूस होतं, काकांची मुलगी. एवढीशी असताना ती गाडीच्या बॉनेटला गाल लावून उभी राहायची. तुझ्या लग्नाला हॉलपर्यंत याच गाडीतून नेईन, असा बाबांनी तिला शब्द दिला होता. मोठी माणसं लहान मुलांना असे शब्द देतात आणि विसरून जातात. बाबा विसरले नाहीत. यंदा तिचं लग्न ठरलं तेव्हा त्यांचा डावा पाय पूर्वीसारखा साथ देत नव्हता आणि गाडी खाली पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. स्टेशनकडच्या एका खड्ड्यात पुढची दोन्ही मॅग व्हील, म्हणजे बाबांनी हौसेने बसवलेली चमचमती चाकं, तडकली होती. बाबा मला एवढंच म्हणाले की चालव तू, पण ती याच गाडीतून जाईल.

मला वाटलं, चाकंच तर आहेत. माणिकपूरच्या टायरवाल्याकडे गेलो तर त्याने गाडीचं नाव ऐकून आधी चहा मागवला. गाडी बनवणारेच उरले नव्हते, तर चाकं कुठून येणार? दुसऱ्या गाडीची बसवायची तर नुसते चार बोल्ट असून भागत नाही. बोल्टांमधलं अंतर जुळायला हवं, मधलं भोक जुळायला हवं, आणि चाक आत किती बसतं, बाहेर किती निघतं तेही. मी सुतळीने मापं घेतली. पहिली जोडी बोल्टांवर चढलीच नाही. दुसरी फुलपाड्याच्या एका जुन्या सामानवाल्याकडून आणली. ती बसली, आणि अशी चमकली की मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. मग गाडी सोसायटीच्या गेटबाहेर काढून वळवली. चाकं बाहेर निघाली होती, टायर मडगार्डला घासला आणि रबर जळल्याचा वास सुटला. वॉचमन, सेक्रेटरी आणि दूध घ्यायला आलेल्या दोन बायका हे बघत होत्या. मी गाडी तशीच रिव्हर्सने आत घेतली आणि पुन्हा ताडपत्री टाकली. नातेवाइकांचे अंगठे दिवसभर येत राहिले.

त्या गाडीला बिनचूक बसणारी चाकं कुठे आहेत, हे खरं तर आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला, आईला आणि बाबांनाही. गाडी नवी असताना बाबांनी तिची मूळची लोखंडी चाकं काढून टाकली होती. ती त्यांना टेम्पोची वाटायची. चारही चाकं त्यांनी काकांना देऊन टाकली. त्यातल्या दोघांत सिमेंट भरून काकांनी वेलींच्या मांडवाच्या खांबांना बैठक केली. बैल गेल्यावर बैलगाडी कापून त्यांनी हाताने ओढायची छोटी गाडी बनवली, तिला उरलेली दोन लावली. त्याच गाडीवरून त्यांचे केळीचे घड बाजारात जातात. आमच्याकडेही हंगामात एक घड यायचा, तो त्याच गाडीवरून.

आम्ही तिघं रोज चाकांवर बोलायचो आणि त्या दोन चाकांचं नाव कोणी काढायचं नाही. शेवटी आईने भाजी निवडता निवडता विचारलं, "जातोस का काकांकडे?" बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी गेलो. काका केळीच्या सुक्या सोपटाने पानांचे गठ्ठे बांधत होते. मी हॉलचं विचारलं, आचाऱ्याचं विचारलं, पाव्हणे किती तेही विचारलं. मुलीच्या बापाकडे त्याच्याच मुलीला मिरवायला चाकं कशी मागायची, ते काही सुचेना. काकांनी गठ्ठा संपवला आणि उठून पाना आणला.

"मी वाटच बघत होतो, कोन येतंय ते," ते म्हणाले. "तिला मात्र सांगू नकोस."

मला हात लावू न देता त्यांनी चाकं काढली आणि हातगाडीचा आस केळीच्या तोडलेल्या खुंटांवर टेकवला. तुमचं कसं चालेल, असं मी विचारलं, उशिरा आणि तोंडदेखलं. "माझ्या गाडीला कुठलंही चाक चालतं रे," ते म्हणाले. ते मला पटलं, कारण मला पटवूनच घ्यायचं होतं. चाकं आमच्या गाडीला अशी बसली की नट हातानेच फिरले. एकावर निळ्या रंगाचा ओघळ होता, तो मी रॉकेलने पुसून पाहिला. गेला नाही.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी रिक्षाने घरी येत होतो. पुढे रस्त्याच्या कडेने एक माणूस डोक्यावर केळीचा घड घेऊन चालला होता, एका हाताने घड धरलेला, दुसऱ्या हातात चाफ्याची पिशवी. मान ओळखीची वाटली. काका होते. कुठलंही चाक चालतं म्हणणाऱ्या माणसाने कुठलंही चाक लावलेलं नव्हतं. लग्नाच्या गडबडीत कुठे शोधत बसणार? रिक्षा थांबवायला हवी होती. मी मागे सरकलो, डोकं हुडाच्या सावलीत घेतलं, आणि रिक्षा त्यांच्या शेजारून निघून गेली. शाळेत असताना मी गाडीत बसायचो तसाच मी बसलो होतो. घरी जाऊन मी कोणाला काही सांगितलं नाही. जेवलोही नीट.

लग्नाच्या दिवशी गाडी मागे चमचमती आणि पुढे काळी, अशी काकांच्या दारात उभी राहिली. पुढची चाकं वाडीतली दिसतात, असं कोणीतरी म्हणालंच, आणि बाकीचे हसले. नवरी शालू सावरत आली. बसण्याआधी जुन्या सवयीने बॉनेटवर हात फिरवायला ती पुढे गेली आणि तिथेच थांबली. पुढच्या चाकाकडे बघत होती. मग आत येऊन बसली.

हायवे ओलांडेपर्यंत मी गाडीबद्दल काहीबाही बडबडत होतो. मग ती म्हणाली, "तो निळा रंग माझा आहे. गणपतीत सांडला होता." थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "बाबा माल कसा नेतात मग? डोक्यावर?"

मी हो म्हणालो. आणखी काय म्हणणार! हॉलच्या दारात बँड होता, फोटोवाला होता, सगळे टाळ्या वाजवत होते. तिने सगळ्यांकडे बघून हात हलवला, अगदी हसून. उतरताना मात्र तिने माझ्याकडे बघितलं नाही. बाबा दारात खुर्चीवर बसले होते. शब्द पुरा झाला म्हणून त्यांचा चेहरा इतका फुलला होता की त्या दिवशी त्यांना काही सांगायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. रिक्षातलंही सांगितलं. बाबांनी चहा अर्धा ठेवला आणि म्हणाले, "खाली चल." गाडीला जॅक लावून पुढची चाकं काढायला लावली आणि गाडी विटांवर ठेवली. टेम्पो बोलावतो म्हटलं तर ऐकेनात. एक चाक त्यांनी स्वतः धरलं आणि रस्त्यावरून हाताने घरंगळत नेऊ लागले, लंगडत. दुसरं घेऊन मी मागे. चाक तिरकं होऊन पडायचं, ते वाकून उचलायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. दुकानातून लोक बघत होते. मी कोण कोण बघतंय ते बघत होतो. बाबा फक्त चाकाकडे बघत होते.

जमीन विकल्यापासून बाबा वाडीच्या फाटकातून आत गेले नव्हते. लग्नाच्या मांडवाला आले, तरी अंगणातच बसले होते. काका आत केळी तोडत होते. आम्हाला बघून त्यांनी कोयता बाजूला ठेवला. दोघा भावांनी मिळून चाकं चढवली. एक जण चाक धरायचा, दुसरा नट पिळायचा. झाल्यावर काकांनी ताजा तोडलेला घड गाडीवर ठेवला आणि मला म्हणाले की घरी ने, गाडी मग आणून दे.

बाबा म्हणाले, "हा कशाला? बाजारात जाऊ दे."

"वाटा आहे तुझा," काका म्हणाले.

"माझा वाटा मी विकला."

"जमीन विकलीस, दादा. वाटा कोनाचा, ते आपल्या बाबाने ठरवलेलं. तो दर वर्षी येतोच की तुझ्याकडे."

बाबांनी फाटकाची चौकट धरली. इतकी वर्षं आम्ही तो घड भेट म्हणून घेत होतो. आई दोन दिवसांत पिकला म्हणून शेजाऱ्यांना वाटून टाकायची, आणि एकदा तर कंटाळून मीच तो वॉचमनला दिला होता.

मी गाडी ओढायला घेतली. बाबा बाजूने चालत होते, एक हात घडावर ठेवून. रस्त्यात ओळखीचे भेटले, त्यांनी विचारलं, लाल गाडी कुठे आहे? बाबांनी त्यांना थांबून नीट सांगितलं, ती विटांवर का आहे ते. मी मान वर केली नाही.